मोरेर मनीत कोण राहत होतं?

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून विजापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे अशी फेरी मारणारी कुटुंबं पुष्कळ. आम्हीही गेलो होतो. ऐहोळ्यात दुर्ग मंदिर आणि लाडखान मंदिर बघून झालं की बहुतेक गाड्या परतीला लागतात. पण थोडं चढायची तयारी असेल तर मेगुटी टेकडीवर जावंच. वर इ.स. ६३४ मधलं जैन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतीवर चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचं गुणगान करणारा, त्याच्या पदरच्या कवी रविकीर्तीचा प्रसिद्ध शिलालेख. या मंदिराच्या मागे, खडकाळ सपाटीवर, वेगळंच काहीतरी दिसतं. तीन बाजूंना उभ्या केलेल्या दगडी फरश्या, वर झाकणासारखी एक मोठी फरशी आणि समोरच्या उभ्या फरशीला गोल भोक. मुलं पत्त्यांचं घर करतात तसं, फक्त दगडाचं. अशी चाळीसहून जास्त आहेत. काही उभी, बरीचशी कलंडलेली.

तिथं शेळ्या चारणारी एक आजी बसली होती. आमच्या मामी अक्कलकोटच्या, त्यांच्या घरात कन्नडच चालतं. त्यांनी विचारलं, हे काय आहे? आजी म्हणाली, “मोरेर मनी, री.”

सोलापूरकराला याचा अर्थ सांगायला नको. पुस्तकी कन्नडात ‘मने’, आपल्याकडच्या बोलीत ‘मनी’, म्हणजे घर. मोरेरांची घरं. मोरेर कोण? आजीनं हात गुडघ्यापर्यंत खाली नेऊन उंची दाखवली. एवढीशी माणसं, पण अंगात हत्तीची ताकद. शेजारच्या ग्रुपमधले एक काका लगेच म्हणाले की हे पांडवांनी एका रात्रीत बांधलंय. त्यांच्या मुलानं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं की असली कामं परग्रहावरच्या लोकांची असतात.

मध्यंतरी सोलापूरजवळच्या आपल्या बोरामणीच्या माळरानावर दगडांचं गोल चक्रव्यूह सापडल्याची बातमी आली, तेव्हा पुन्हा तेच प्रश्न कानावर आले. हे थडगं आहे का, कुणाचं आहे, आपल्याकडे कसं आलं? म्हणून ठरवलं की ऐहोळ्याच्या त्या दगडी घरापासून सुरुवात करून हा विषय नीट मांडावा.

आधी शब्द

ऐहोळ्याचं ते दगडी घर म्हणजे थडगं आहे. मोठमोठे दगड वापरून मृतांसाठी केलेल्या अशा रचनांना अभ्यासक ‘महापाषाण’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे, अर्थ साधा: मोठा दगड. त्यातला जो प्रकार जमिनीच्या वर, टेबलासारखा उभा असतो त्याला ‘डॉल्मेन’ म्हणतात. हे दोन शब्द एकदा सांगून ठेवतो, पुढं मी शक्यतो ‘दगडी थडगं’ असंच म्हणेन.

सगळी थडगी एकसारखी नसतात. आपण ‘समाधी’ म्हणतो तेव्हा कुठं नुसता चौथरा असतो, कुठं घुमटी असते, कुठं शेंदूर लावलेला एकच दगड. तसंच इथं. काही ठिकाणी फरश्यांची पेटी जमिनीत पुरलेली असते. विदर्भात मोठ्या धोंड्यांची वर्तुळं दिसतात आणि त्यांच्या आत, मुरूम-मातीच्या भरावाखाली दफन असतं. तमिळनाडूत मोठे रांजण पुरलेले सापडतात. दक्षिण भारतातली यातली बरीचशी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, म्हणजे दोन ते तीन हजार वर्षांपूर्वीची. ती बांधणाऱ्यांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही, म्हणून त्यांचा काळ ‘प्रागैतिहासिक’ धरला जातो. रविकीर्तीनं मेगुटीवर लेख कोरवला तेव्हासुद्धा मागची ही थडगी कित्येक शतकं जुनी होती. त्यालाही कुणीतरी त्यांची एखादी गोष्ट सांगितलीच असेल.

थडगंच कशावरून? घर का नसेल?

हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. भिंती आहेत, छत आहे, दारासारखं भोक आहे. मग घर का म्हणायचं नाही?

माणूस जिथं राहतो तिथं त्याचा पसारा राहतो. चुलीची राख, जळकी माती, फुटकी खापरं, खाल्लेल्या जनावरांची हाडं, सांडलेलं धान्य, पाटे-वरवंटे, पायांनी तुडवून घट्ट झालेली जमीन. अशा थडग्यांत हा रोजच्या जगण्याचा पसारा नसतो. त्याऐवजी आढळतात ती माणसाची हाडं, त्यांच्याभोवती मांडून ठेवलेली भांडी, लोखंडाची हत्यारं आणि मणी. भांड्यांचाही एक ठरावीक प्रकार पुन्हा पुन्हा येतो: आतून आणि काठाला काळी, बाहेरून खाली तांबडी. भट्टीत भांडं पालथं घातलं की आतल्या बाजूला हवा लागत नाही, ती बाजू काळी राहते, हवा लागलेली बाजू तांबडी होते. कुंभाराची हीच युक्ती विदर्भापासून पार तमिळनाडूपर्यंत दिसते.

कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरी इथं १९४७ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं. जमिनीत पुरलेल्या दगडी पेट्यांत त्यांना अखंड सांगाडे क्वचितच मिळाले. कवट्या आणि हातापायांची लांब हाडं मिळाली, तीही एकाहून जास्त माणसांची. पेटीच्या एका फरशीला तसंच गोल भोक होतं, ऐहोळ्यासारखं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जमिनीवर उभ्या असलेल्या थडग्यांत पुष्कळदा काहीच मिळत नाही. ऊन, पाऊस, कोल्ही-कुत्री आणि गुप्तधन शोधणारी माणसं यांच्या तडाख्यात हाडं टिकत नाहीत. काही अभ्यासकांचं मत असंही आहे की उभ्या रचनांपैकी काहींत मुळात दफन नव्हतंच, त्या मृतांच्या आठवणीसाठी उभारलेल्या होत्या. आपल्याकडच्या वीरगळाखाली तरी वीर पुरलेला कुठं असतो? तेव्हा ‘थडगं’ या शब्दात ‘स्मारक’ हा अर्थही धरूनच पुढचं वाचावं.

ते गोल भोक

लोककथेचा सगळा डोलारा या भोकावर उभा आहे. माणसानं सहज आत जावं इतकं ते मोठं नसतं. म्हणजे आत जाणारं माणूस लहान असलं पाहिजे. म्हणून मोरेर गुडघ्याएवढे. ज्यानं कुणी पहिल्यांदा असं म्हटलं, त्यानं दगड नीट निरखून पाहिले होते आणि त्यातून तर्क काढला होता.

पुरातत्त्वज्ञही त्याच भोकापासून सुरुवात करतात. भोकातून अख्खा मृतदेह सहज आत जाणार नाही, हे दोघांनाही दिसतं. फरक एवढाच की पुरातत्त्वज्ञानं आतली हाडं पाहिलेली असतात. सुटी हाडं आत जाऊ शकतात.

इथं आपली स्वतःची पद्धत आठवली की सगळं एकदम उलगडतं. घरात मरण झालं की तिसऱ्या दिवशी आपण राख सावडायला जातो. अस्थी वेचतो, मडक्यात किंवा कापडात बांधतो, आणि लगेच जाणं जमत नसेल तर कुठंतरी झाडाला टांगून ठेवतो. मग सवडीनं पंढरपूरला नेऊन चंद्रभागेत सोडतो. म्हणजे मृतदेहावर एक संस्कार आधी होतो आणि अस्थींवर दुसरा संस्कार नंतर, वेगळ्या जागी. त्या काळच्या लोकांचंही असंच दोन टप्प्यांचं होतं. देह आधी दुसरीकडे ठेवत, मांस गळून गेल्यावर हाडं गोळा करत आणि ती दगडी थडग्यात आणून ठेवत. अभ्यासक याला दुय्यम दफन म्हणतात. आपण अस्थी नदीकडे नेतो, ते दगडाकडे नेत.

आणि भोक असल्यामुळे थडगं कायमचं बंद होत नव्हतं. ब्रह्मगिरीच्या भोकांना बाहेरून दगडी झाकण लावलेलं होतं. झाकण सरकवायचं आणि त्याच कुळातल्या पुढच्या माणसाची हाडं आत ठेवायची. एकाच पेटीत अनेकांची हाडं मिळतात ती त्यामुळेच असावीत. घराला दार असतं तसंच हे. माणसं येत राहिली की दार लागतंच.

मग त्यांची खरी घरं कुठं गेली?

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली या प्रश्नात आहे.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं. दुष्काळी वर्षी तर लोक होडीनं, चालत, मिळेल तसे बघायला जातात. शिखर दिसतं, खांब दिसतात, आवारातल्या वीरगळी दिसतात. पण ज्या गावाचं ते देऊळ होतं त्या गावातल्या मातीच्या भिंती, माळवदं, चुली, गोठे कुठं आहेत? विरघळून गेले. धरणात पाणी भरून फार तर पन्नासेक वर्षं झाली आणि मातीचं घर नावालाही उरलं नाही. इतिहास ठाऊक नसलेला एखादा परका तिथं उतरला तर तो काय म्हणेल? इथले लोक या दगडी इमारतीत राहत होते.

मोरेर मनीचं नेमकं असंच झालं. महापाषाण काळातली माणसं राहत होती कुडामातीच्या घरात. विदर्भात नाईकुंड, टाकळघाट, भागीमहारी इथं त्यांच्या वस्त्यांचं उत्खनन झालं आहे. मातीच्या जमिनी आणि लाकडी खांब रोवल्याचे खड्डे, एवढंच त्या घरांचं शिल्लक होतं. नाईकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. म्हणजे लोखंड गाळू शकणारे, मोठमोठे दगड हलवू शकणारे हे लोक स्वतः मात्र मातीच्या घरात समाधानानं राहत होते, आणि दगड राखून ठेवत होते मेलेल्यांसाठी. जिवंत माणसाचं घर पंचवीस-तीस वर्षं टिकलं तरी चालतं, डागडुजी करायला तो असतोच. मेलेला स्वतः येऊन भिंत लिंपणार नाही.

काळाच्या ओघात मातीची घरं मातीला मिळाली आणि दगडाची तेवढी उरली. कितीतरी पिढ्यांनी तिथं आलेल्या शेतकऱ्याला, धनगराला दिसलं ते एवढंच: डोंगरावर दगडी घरं आहेत, रांगेत आहेत, गावासारखी आहेत आणि राहणारं कुणी नाही. त्यानं त्यांना ‘घर’ म्हटलं. त्यात मला अडाणीपणा दिसत नाही. बांधणाऱ्यांच्या मनातही बहुधा ‘घर’ हाच शब्द असणार. नाहीतर आत जेवणाची भांडी, रोजच्या वापराच्या कुऱ्हाडी आणि अंगावरचे मणी कशाला ठेवले असते? विदर्भात माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला मिळाला आहे, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेला.

आपल्याच भीमेच्या खोऱ्यात याहून जुनं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातलं इनामगाव, घोड नदीच्या काठी. घोड पुढं भीमेला मिळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या घरांत लहान मूल दगावलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. तिथं दगडी थडगी नाहीत. पण मेलेलं माणूस आणि घर यांची गाठ आपल्या नदीच्या खोऱ्यात किती जुनी आहे, हे त्या दोन मडक्यांवरून कळतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढं वाचू शकलो नव्हतो.

एवढे जड दगड उचलले कसे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि परग्रहवाल्यांचा प्रवेश इथंच होतो. उत्तर मात्र फार गूढ नाही.

पहिली गोष्ट, दगड घडवावा कमी लागतो. तुमच्या-आमच्या घरातली शहाबादी फरशी आठवा. ती कुणी करवतीनं लाद्यांसारखी कापून काढलेली नसते. भीमेच्या खोऱ्यातला तो चुनखडक मुळात थराथरांचा आहे, पहार घातली की थर सुटतो. ऐहोळ्याचा वालुकाश्मही थरांचा आहे. कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळ हिरेबेणकल नावाची जागा आहे, तिथं ग्रॅनाइट आहे. उन्हा-पावसानं ग्रॅनाइटच्या डोंगराचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. सुटलेला पापुद्रा घणानं, छिन्नीनं आणि लोखंडी पहारेनं हवा तेवढा तोडायचा. लोखंड त्यांच्याकडे होतंच. खाण आणि थडगी एकाच टेकडीवर असल्यानं लांबून वाहूनही आणायला लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट, उभं करणं. खड्डा खणून फरशीचा एक काठ त्यात सोडायचा आणि दोरांनी ओढून उभी करायची. भिंती उभ्या राहिल्या की भोवती मातीचा उतार रचायचा आणि झाकणाची फरशी त्यावरून ओंडक्यांवर सरकवत वर न्यायची. मग माती काढून टाकायची. गावातली जुनी माणसं विहिरीवरचा मोठा दगड असाच हलवताना ज्यांनी पाहिलीत त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ती उंचच उंच काठी एका माणसाच्या पेलण्यातली वाटत नाही. पण कुणाचा खांदा, कुणाचा दोर, कुणाची पुढची जागा, हे मानानं ठरलेलं असतं आणि सराव आधीपासून चालतो, म्हणून ती गर्दीतून डौलानं जाते. दगडी थडगं उभारणंही एका घराचं काम नव्हतं. सगळी वस्ती लागत असणार, तिला जेवू घालावं लागत असणार आणि कुणाचा दोर कुठला हे ठरलेलं असणार. जिथं एवढी ताकद गोळा करता येते तिथं ती गोळा करणारा कुणी वजनदार माणूस असतो. म्हणून मोठं थडगं पाहिलं की अभ्यासक त्यावरून त्या समाजातल्या मोठ्या-लहान घरांचा अंदाज बांधतात. सगळ्यांच्या वाट्याला दगड येत नव्हता. बहुतेकांची हाडं कुठं गेली, त्याचा मागमूसही नाही.

हिरेबेणकलला अशा सुमारे चारशे रचना आहेत. काहींचं छत माणसाच्या डोक्याच्या बरंच वर जातं. तिथं एका मोठ्या धोंड्यावर नगाऱ्याच्या आकाराचा प्रचंड दगड ठेवलेला आहे. लाकडी दांडक्यानं ठोकला तर तो घुमतो आणि आवाज लांबवर जातो. गावात कुणी गेलं की हलगी वाजते तसा तो वाजत असेल का, असं मला फार वाटतं.

बुटके, राक्षस आणि पांडव

सोलापुरात तीन भाषा रोज कानावर पडतात, आणि या थडग्यांबद्दल तिन्ही भाषांत वेगवेगळी गोष्ट आहे. कन्नडात ती मोरेरांची घरं. शहराच्या पूर्वभागातल्या आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना विचारलंत तर त्यांच्या मुलखात अशा जागांना ‘राक्षस गुळ्ळु’, म्हणजे राक्षसांची देवळं म्हणतात. मराठीत कोडं पडलं की उत्तर पांडव. नाशिकच्या लेण्यांत सातवाहनांचे आणि क्षहरातांचे लेख चांगले ठळक कोरलेले आहेत, तरी नाव पडलं पांडवलेणीच.

या गोष्टी नीट लावून पाहिल्या तर त्यांत एक हिशोब दिसतो. ज्यानं भोकाकडे पाहिलं त्याला बुटके आठवले. ज्यानं झाकणाच्या दगडाकडे पाहिलं त्याला राक्षस आठवले. आणि ज्यानं पाहिलं की असले दगड एका गावात नाहीत, वाटेवरच्या कितीतरी गावांत आहेत, त्याला वाटसरू हवा होता. पांडव वनवासात होते. आज इथं, उद्या तिथं. त्यामुळे ते कुठल्याही गावच्या दगडापाशी एक रात्र मुक्काम करू शकतात. एका रात्रीत बांधायचं कारणही तेच, सकाळी पुढं जायचं असतं.

हे मी ओढूनताणून सांगत नाही. आयर्लंडमध्ये अशाच दगडी थडग्यांना डियरमिड आणि ग्रानिया यांचं अंथरूण म्हणतात. ते पळून गेलेलं प्रेमी जोडपं. पाठलाग चुकवत रोज नव्या जागी झोपायचं, म्हणून गावोगाव त्यांची अंथरुणं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात हीच थडगी बुटक्या लोकांची समजतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावर खडकात कोरलेल्या थडग्यांना पऱ्यांची घरं म्हणतात आणि तिथल्याच दुसऱ्या प्रकारच्या मोठ्या थडग्यांना राक्षसांची थडगी. ऐहोळ्याच्या आजीनं सार्डिनियाचं नावही ऐकलेलं नसेल. भोक तेवढंच आणि दगड तेवढाच, म्हणून माणसाचं मन दोन्हीकडे एकाच वाटेनं गेलं.

तमिळनाडूतली गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. तिथं पुरलेल्या रांजणांना ‘मुदुमक्कळ ताळि’ म्हणतात, म्हाताऱ्या माणसांचे रांजण. गोष्ट अशी की पूर्वी माणसं मरतच नसत. म्हातारी होत होत ती आक्रसत जात, शेवटी इतकी लहान होत की त्यांना रांजणात बसवून शेजारी खाणंपिणं ठेवत. रांजण, आतली हाडं, शेजारची भांडी, यातली प्रत्येक वस्तू गोष्टीत बरोबर आली आहे. आणि शेवटच्या दिवसांत अंथरुणात हळूहळू लहान होत गेलेली आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती खोटीही वाटणार नाही.

‘मोरेर’ म्हणजे मौर्य का?

नाव ऐकलं की हा विचार येतोच. त्यातून कोप्पळला अशोकाचे दोन शिलालेख आहेत. रायचूर जिल्ह्यातलं मस्की आणि वर आलेलं ब्रह्मगिरी इथं तर अशोकाचा लेख आणि ही थडगी एकाच परिसरात आहेत. मग मौर्यांनीच बांधली असं का म्हणू नये?

कारण बांधायला सुरुवात फार आधी झाली होती. हिरेबेणकलचा काळ साधारण इ.स.पू. ८०० ते २०० असा धरतात. अशोक त्याच्या शेवटाकडे येतो, इ.स.पू. तिसऱ्या शतकात. त्यानं लेख कोरवले तेव्हा या भागात थडगी बांधणारे लोक नांदते होते, एवढं म्हणता येतं. नावातलं साम्य हा पुरावा नव्हे. आपल्याकडेही मोरे आडनावाची नाळ मौर्यांशी जोडतात, पण म्हणून कुणी मोऱ्यांच्या वाड्याला अशोकाचा वाडा म्हणत नाही.

काळ ठरवतात कसा, हेही थोडक्यात. दगडाचं वय इथं कामाचं नाही, तो तर कोट्यवधी वर्षांचा. थडग्यातला कोळसा किंवा हाड उपयोगी पडतं. प्रत्येक सजीवात किरणोत्सारी कार्बन असतो. जीव गेला की नव्यानं कार्बन शरीरात येणं थांबतं आणि असलेला ठरावीक वेगानं कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं की जीव कधी गेला ते कळतं. मेणबत्तीचं उरलेलं टोक बघून ती किती वेळ जळली हे सांगावं, तसं.

बाहेरून आलेल्यांचं काम?

ही शंका दीडशे वर्षं जुनी आहे, आणि ती काढणारा माणूस आपल्या परिसरात वावरलेला होता. फिलिप मेडोज टेलर हे निजामाच्या सेवेतले इंग्रज अधिकारी. आधी सुरपूरला (आजच्या यादगीर जिल्ह्यात), मग १८५३ पासून काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे होता. नळदुर्ग म्हणजे आपल्या हैदराबाद रस्त्यावरचंच. सुरपूरच्या मुक्कामात त्यांनी भीमेकाठच्या जेवर्गीजवळची आणि राजन कोळूरची थडगी पाहिली, काही उकरली, मोजमापं घेतली, आतल्या हाडांची आणि भांड्यांची चित्रं काढली. ‘मोरी’ नावाच्या बुटक्यांची दंतकथाही त्यांनी तिथंच ऐकून लिहून ठेवली. या थडग्यांचं इतकं पद्धतशीर काम त्याआधी जवळपास कुणीच केलं नव्हतं.

पुढं आयर्लंडला गेल्यावर त्यांनी तिथली थडगी आणि इथली थडगी यांची तुलना केली आणि दोन्हीकडे एकच लोक असावेत असा निष्कर्ष काढला. तो आज कुणी मानत नाही. आयर्लंडमधलं न्यूग्रेंजचं थडगं इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं. आपल्याकडची बहुतेक त्यानंतर दोन हजार वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू झाली. तीन उभे दगड आणि वर एक आडवा, ही रचना कुणालाही सुचेल. चूल मांडायला तीन दगड लागतात हे जगात प्रत्येकाला आपापलं कळलं. टेलर निष्कर्षात चुकले, पण त्यांच्या नोंदी अजूनही कामाला येतात.

परग्रहवाल्यांबद्दल एवढंच सांगेन की आपल्या मुलखातल्या माणसांनी पहार आणि दोर घेऊन केलेल्या कामाचं श्रेय त्यांच्याकडून काढून घेणं मला बरं वाटत नाही.

सोलापुरात असं काही का दिसत नाही?

याचं एक कारण आपल्या पायाखाली आहे. सोलापूरचा दगड काळा बसाल्ट. तो फोडला तर धोंडे मिळतात, लांबरुंद फरश्या सुटत नाहीत. भीमेबरोबर खाली कलबुर्गीकडे गेलं की खडक बदलतो, शहाबादी फरशीचा मुलूख लागतो आणि फरश्यांची थडगीही त्याच बाजूला दिसायला लागतात. विदर्भात दगड बराचसा आपल्यासारखाच, म्हणून तिथं धोंड्यांची वर्तुळं. नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं नोंदलेली आहेत.

बोरामणीच्या रचनेचा गोंधळही इथं सोडवता येतो. थडग्याचं वर्तुळ मोठ्या धोंड्यांचं असतं, मधला भाग भरावानं उंचवलेला असतो आणि आत जायला वाट नसते. चक्रव्यूहात लहान दगड जमिनीवर मांडून फिरत फिरत आत नेणारी वाट केलेली असते. दोन्ही गोल असली तरी एकाचा संबंध दुसऱ्याशी लावायचं कारण नाही.

माळावर किंवा बांधावर कुणाला अशी काही मांडणी दिसली तर दगड हलवू नका. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा काठी ठेवा म्हणजे आकार कळतो, जागा नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. अशा जागांचं सगळ्यात मोठं नुकसान गुप्तधनाच्या गोष्टीनं केलं आहे. बुटक्यांच्या आणि राक्षसांच्या गोष्टींनी लोकांना चार हात लांब ठेवलं, सोन्याच्या हंड्याच्या गोष्टीनं कुदळ हातात दिली. सोनं जवळजवळ कधीच मिळत नाही. मिळतात ती खापरं, आणि ती जागेवरून हलली की त्यांची साक्ष संपते. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकापासून शंभर मीटरांत नव्या बांधकामालाही बंदी आहे.

२०२१ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत हिरेबेणकलचं नाव गेलं, त्याच वर्षी आपल्या मराठा किल्ल्यांचंही गेलं होतं. किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा सोलापुरातही पेढे वाटले गेले असतील. गंगावतीच्या त्या टेकडीची आठवण किती जणांना झाली असेल?

ऐहोळ्याला त्या दिवशी मामींना हे सगळं तिथंच सांगितलं होतं, जमेल तसं. घर नाही, थडगं आहे, आत हाडं आणि भांड्यांतून खाणं ठेवत असावेत, वगैरे. त्यांनी ते शेळीवाल्या आजीला कन्नडात समजावलं. आजीनं मान हलवली. तिला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “मग मोरेर मेल्यावरही तिथंच राहिले म्हणायचे,” एवढंच ती म्हणाली. मामींनी पिशवीतून कडक भाकरीचा एक तुकडा काढला, चिमूटभर शेंगाचटणी त्यावर ठेवली आणि तो भोकाच्या कडेला टेकवून हात जोडले. आम्ही दहा पावलं गेलो असू, तोवर एका करडानं तो तुकडा उचलला होता.